बेरीज पुढच्या पानावर

नव्वदच्या दशकातलं पगारपत्रक आठवून पाहा. मूळ पगार, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचा हप्ता, सगळं एका ओळीत आणि ओळ 132 अक्षरांची. 15 इंची कागद घेणाऱ्या डॉट मॅट्रिक्सवर ती ऐसपैस बसे. अरुंद प्रिंटरवर अक्षर दाबून काढावं लागे आणि त्याचा उपाय एका आकड्याचा होता. असे रिपोर्ट काढणाऱ्या फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालीत काम करणाऱ्या प्रत्येकाला सीएचआर(15) पाठ असे. हा संकेत गेला, की इंचाला 10 ऐवजी 17 अक्षरं पडत आणि अख्खी ओळ पावणेआठ इंचांत मावे. काम झालं की 18 पाठवून अक्षर पूर्ववत करायचं. आकार प्रोग्रॅममध्येच लिहिलेला असल्यामुळे प्रिंट कोणीही मारली तरी ती सारखीच निघे.

ह्यूलेट-पॅकार्डचा पहिला डेस्कजेट 1988 चा. पुढे इंकजेट स्वस्त होत कार्यालयांत शिरले. आवाज कमी, छपाई सुबक. पण एप्सनच्या डॉट मॅट्रिक्सची आज्ञावली वेगळी आणि डेस्कजेटची पीसीएल वेगळी. पीसीएलमध्ये 15 म्हणजे अक्षर दाबणं नव्हेच. तिथे एस्केप, अँपरसँड, के, 2, एस एवढी माळ पाठवावी लागे. जुना प्रोग्रॅम तसाच चालवला तर अक्षर मोठंच राही आणि उजवीकडची निव्वळ पगाराची रक्कम कागदाबाहेर जाई, म्हणजे ज्या आकड्यासाठी पत्रक काढलं तोच.

उंचीचा घोळ याहून चिवट. कडेला भोकं असलेल्या सलग कागदावर 11 इंचांत 66 ओळी बसत, कारण पान संपून दुसरं सुरू होताना मध्ये काही सोडावं लागत नसे. सुटा कागद ओढणाऱ्या इंकजेटला वरखाली कोरी जागा लागते. तेवढ्याच पानावर तो 60 ओळी देई. उरलेल्या सहा ओळी दुसऱ्या पानावर, आणि त्यातच तेरजेची बेरीज! मग सहा ओळींचं एक पान, पुन्हा भरलेलं पान, पुन्हा सहा ओळी. ओळींमधलं अंतर इंचाला 6 वरून 8 केलं की हे मिटे, पण ते प्रोग्रॅम उघडून कोणी करायचं?

विंडोजच्या काळात पुष्कळ स्वस्त इंकजेटमधून अक्षरंच काढून टाकली गेली. पानाचं चित्र संगणकाने तयार करायचं, प्रिंटरने फक्त शाई उडवायची. डॉसमधून आलेला मजकूर अशा यंत्राला कळेचना. हिशेबनीसांनी आपला मार्ग काढला: रिपोर्ट फाइलमध्ये उतरवायचा, वर्डमध्ये उघडायचा, कुरिअर न्यू लावायचा आणि आकार 7 पॉइंट. कुरिअरचं प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, म्हणून 132 अक्षरं उभ्या ए-फोरवर बरोबर 7.7 इंचांत येतात. दुसरा कुठला फाँट लावला की रकाने वाकडे झालेच. ज्यांनी हे शोधून काढलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. कोणत्याही पुस्तिकेत त्यांना हे सांगितलेलं नव्हतं.

पीडीएफ आल्यावर रिपोर्टाची मांडणी पक्की झाली, आकार मात्र छापणाऱ्याच्या हातात गेला. छपाईच्या खिडकीत ‘फिट’वर खूण राहिली, की पान मुकाट्याने तीन-चार टक्के आकसतं. पत्राला त्याचं काही नाही. चेकला आहे. बँकांचा प्रमाणित सीटीएस चेक साधारण 202 मिलिमीटर लांब. तीन टक्के म्हणजे सहा मिलिमीटर, आणि तारखेच्या आठ चौकटी असतात उजव्या टोकाला. आकडा आपली चौकट सोडून शेजारच्या चौकटीत पडतो आणि चेक वाया जातो. म्हणून माझं ठाम मत असं, की छापाचा आकार रिपोर्ट बनवणाऱ्यानेच पक्का करावा, खिडकीतल्या खुणेवर सोडू नये. तोवर चेक छापणाऱ्याने आधी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडून कोऱ्या कागदावर प्रिंट मारावी आणि ती चेकवर ठेवून उजेडात धरून पाहावी.