व्हिनेगरला दाद न देणारी वस्ती

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावी आंतोनी फान लेवेनहूक नावाचा कापडव्यापारी राहायचा. रोज सकाळी तो मिठाने दात घासायचा. तरीही १६८३ साली त्याने दातांच्या फटीतला पांढरा चिकट थर पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घडवलेल्या भिंगातून पाहिला, तेव्हा त्यात जिवंत जीव वळवळत होते! पुढे त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. थर व्हिनेगरमध्ये कालवला की ते जीव मरतात. पण व्हिनेगरने नुसती चूळ भरली, तर थराच्या आतले जिवंतच राहतात.

असं काय असतं त्या थरात?

दात घासून ब्रश ठेवतो न ठेवतो, तोच लाळेतली प्रथिनं दातांवर अदृश्य पापुद्रा चढवू लागतात. त्यावर आधी येतात स्ट्रेप्टोकोकस जिवाणू. आपण खाल्लेल्या साखरेपासून ते चिकट द्रव्य बनवतात आणि त्यातच घर करतात. मग येतो लांबुळका फ्युजोबॅक्टेरियम. आधीच्यांनाही तो चिकटतो, नंतरच्यांनाही! आधीचे जिवाणू ऑक्सिजन संपवत जातात, म्हणून ऑक्सिजन न सोसणारेही आत सुखाने नांदतात. काही ठिकाणी तर मधल्या लांब जिवाणूभोवती गोल जिवाणू मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखे दाटीने बसतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ही केवढी व्यवस्था!

हा थर हिरडीच्या कडेला साचला की शरीर लढायला उठतं. हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. लढाई लांबली, तर दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. हाच पायरिया. आणि हाड झिजवतं कोण? बव्हंशी आपलीच प्रतिकारशक्ती! उलट त्या सुजेतून पाझरणाऱ्या प्रथिनांवर पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिससारखे जिवाणू पोसले जातात.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केलं, आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या!

झिजलेलं हाड असं आपोआप भरून येत नाही. थराचं कडक कीटण झालं, तर तेही ब्रशने निघत नाही. दंतवैद्यच ते काढतात. पण ओला थर मोडणं आपल्याच हाती आहे. जिवाणूंचं बळ त्यांच्या एकत्र राहण्यात असतं आणि ब्रश नेमकी तीच वस्ती उधळून लावतो. म्हणून ब्रश हिरडीच्या कडेपर्यंत पोचलाच पाहिजे, तोही रोज.