घनता : ओळख आणि मोजमाप

‘एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?’ हे कोडे घालून मोठी मुले लहानांना हमखास फसवतात. लहान मूल घाईने ‘लोखंड’ असे उत्तर देते आणि सगळे हसतात. वास्तविक त्या मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नसते. त्याच्या डोळ्यांपुढे सारख्याच आकाराचा लोखंडाचा गोळा आणि कापसाचा बोळा असतो. त्याला जे सांगायचे असते, त्यालाच विज्ञानात घनता म्हणतात. पदार्थाच्या एकक आकारमानात किती वस्तुमान सामावले आहे, याचे हे माप. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. सूत्र एवढेच आहे. खरी कसोटी लागते ती मोजण्यात.

एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान ४ अंश सेल्सिअस तापमानाला जवळजवळ नेमके १ ग्रॅम भरते. तेवढ्याच आकारमानाचे लोखंड ७.९ ग्रॅम, पारा १३.६ ग्रॅम आणि सोने १९.३ ग्रॅम भरते. उलट रॉकेल ०.८ ग्रॅमच्या आसपास आणि शेंगदाण्याचे तेल सुमारे ०.९१ ग्रॅम असते. येथे आपली भाषा थोडा घोटाळा करते. ‘घनदाट’ असा जोडशब्द आपण वापरतो, त्यामुळे जे दाट ते घन असा समज होतो. तेल पाण्यापेक्षा दाट आहे, ते हळू ओघळते. तरीही ते पाण्याहून हलके आहे व पाण्यावर तरंगते. मध मात्र दाटही आहे आणि जडही, त्याची घनता १.४ च्या घरात असते. ओघळण्याचा संथपणा हा द्रवाचा वेगळा गुण आहे. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. कढईतील तेलाने पेट घेतल्यावर त्यावर पाणी ओतले, तर पाणी तेलाखाली जाते, तेथे क्षणात त्याची वाफ होते आणि पेटते तेल चहूकडे उडते. अशा वेळी गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे.

आता मोजणीकडे वळू. ठोकळा असेल तर लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराने आकारमान मिळते. वेड्यावाकड्या दगडाचे काय? मोजपात्रात २०० मिलिलिटर पाणी घ्यावे, दोऱ्याने बांधलेला दगड त्यात अलगद सोडावा. पाणी ३०० वर चढले, तर दगडाचे आकारमान १०० घन सेंटिमीटर. दगडाचे वस्तुमान २९० ग्रॅम असेल तर घनता २.९ येते, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साधारण तेवढाच भरतो. कोकणातील जांभा घेतला, तर मात्र सावध राहावे लागते. तो सच्छिद्र असल्याने पाण्यात टाकताच बुडबुडे सुटतात, छिद्रांत पाणी शिरते आणि आकारमान कमी दिसते. तेव्हा आपण दगडातील खनिजाची घनता मोजत आहोत की छिद्रांसह अख्ख्या चिऱ्याची, हे आधी ठरवावे लागते. भिंतीवर किती भार येईल हे गवंड्याला हवे असते, म्हणून त्याच्या उपयोगाची दुसरी.

आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट सर्वांनी शाळेत ऐकली आहे. राजा हिएरोच्या मुकुटातील भेसळ त्याने सांडलेल्या पाण्यावरून ओळखली, असे व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने सुमारे दोन शतकांनंतर लिहून ठेवले. गोष्ट सुरस आहे, पण हिशेब करून पाहण्याजोगी आहे. मुकुट १ किलोचा धरला, तर शुद्ध सोन्याचे आकारमान सुमारे ५२ घन सेंटिमीटर होईल. त्यातील ३०० ग्रॅम सोने काढून तेवढीच चांदी घातली, तर ते ६५ होईल. फरक १३ घन सेंटिमीटरचा. २० सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात एवढ्या फरकाने पाण्याची पातळी अर्ध्या मिलिमीटरनेही बदलणार नाही. डोळ्यांना तो फरक कितपत दिसेल, याची शंकाच आहे. १५८६ मध्ये तरुण गॅलिलिओलाही हीच शंका आली आणि त्याने तराजूचा मार्ग सुचवला. वस्तू हवेत तोलावी, मग पाण्यात बुडवून तोलावी. वजनात जी घट येते, ती बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी असते. वर सांगितलेल्या दोन मुकुटांच्या घटीत १३ ग्रॅमचा फरक पडतो, आणि तो साधा तराजूही दाखवतो. हवेतील वजनाला या घटीने भागले की पाण्याच्या तुलनेतील घनता हाती येते. अंगठीसारख्या लहान वस्तूसाठी याहून सोपी व भरवशाची रीत नाही. मात्र टंगस्टन या धातूची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की ही परीक्षाही तेथे फसू शकते.

द्रवासाठी एक बाटली पुरते. रिकामी बाटली ५० ग्रॅम, काठोकाठ पाणी भरून ५५० ग्रॅम आणि तेवढेच तेल भरून ५०६ ग्रॅम असेल, तर ४५६ भागिले ५००, म्हणजे ०.९१२. बाटलीवर खुणा नसल्या तरी चालते. रोजच्या कामात मात्र हायड्रोमीटर वापरतात. तळाशी वजन असलेली ही काचेची नळी जड द्रवात कमी बुडते, हलक्यात अधिक.

भातशेतीत हेच तत्त्व उपकरणाविना वापरले जाते. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवले की पाण्याची घनता किंचित वाढते. त्यात बियाणे टाकून ढवळले की पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावेत, उरलेले बियाणे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

दुधाच्या बाबतीत प्रश्न थेट पैशाचा आहे. संकलन केंद्रावर ‘डिग्री’ पाहतात, ते लॅक्टोमीटरचे वाचन. ३० डिग्री म्हणजे घनता १.०३०. अशा एक लिटर दुधात पाव लिटर पाणी घातले तर डिग्री २४ वर उतरते. पण दुधातील स्निग्धांश पाण्याहून हलका असतो. साय काढून घेतली की डिग्री चढते, समजा ३६ झाली. त्यात २०० मिलिलिटर पाणी घातले की वाचन पुन्हा ३०! म्हणून एकट्या घनतेवर विसंबता येत नाही. फॅटची तपासणी सोबत करावीच लागते. प्रामाणिक दूध उत्पादकावर याच्या उलट अन्याय होऊ शकतो. नुकत्याच काढलेल्या कोमट दुधात हवेचे बुडबुडे असतात, उष्णतेने ते प्रसरण पावलेले असते. पाण्याचा थेंब न घालताही डिग्री कमी लागते. यासाठी काढलेले दूध थोडा वेळ ठेवून, लॅक्टोमीटरवर लिहिलेल्या तापमानाच्या जवळ आल्यावर, हलक्या हाताने ढवळून मोजावे. नळी भांड्याच्या कडेला टेकू देऊ नये आणि ती स्थिर झाल्यावरच आकडा वाचावा. दूध अधिक उष्ण असेल तर तापमानाची दुरुस्ती वाचनात मिळवली आहे का, हे केंद्रावर विचारून घ्यावे.