कुंपणाला करवंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुजरातच्या वनविभागाने २०२३ मध्ये कोनोकार्पसच्या लागवडीवर बंदी घातली. त्याची मुळं गटारं आणि केबल बिघडवतात, परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा बळावतो, ही त्यामागची कारणं. सुरतच्या कितीतरी सोसायट्यांनी हिरव्या भिंतीसाठी हेच झाड लावलं होतं. त्याच्या जागी लावायला उत्तम झुडूप शेजारच्या डांगच्या जंगलातच आहे : करवंद, म्हणजे इथला करमदा. पण काही समजुतींमुळे लोक ते लावायला कचरतात.

गैरसमज : करवंद डोंगरावरच येतं.
वस्तुस्थिती : सपाटीवरही ते छान वाढतं. हलकी जमीन आणि उन्हाळ्याचा ताण त्याला सोसतो. मुळाशी साचलेलं पाणी मात्र सोसत नाही. सुरतची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. म्हणून वीतभर उंच वरंबा करून, शेणखत घालून, दोन-दोन फुटांवर रोपं लावावीत. पहिला उन्हाळा पाणी द्यावं. पुढे फारसं लागत नाही.

गैरसमज : बी सुकवून ठेवलं की कधीही पेरता येतं.
वस्तुस्थिती : या बियांची उगवणशक्ती लवकर जाते. पिकल्या फळातलं बी धुऊन लगेच पेरावं.

गैरसमज : चीक निघतो, म्हणजे फळ विषारी.
वस्तुस्थिती : करवंद कण्हेरीच्या कुळातलं आणि कण्हेर विषारी, त्यामुळे शंका येणं साहजिक आहे. पण करवंदाचं पिकलं फळ आपण आवडीने खातो, कच्च्याचं लोणचं घालतो. केकवरची लाल ‘चेरी’सुद्धा बहुतेकदा रंगवून पाकात मुरवलेलं करवंदच असते. जपायचं ते कुंपणालाच लावल्या जाणाऱ्या ड्युरांटा या झुडपाच्या पिवळ्या फळांपासून. पक्षी ती खातात, पण माणसाला ती विषारी आहेत. मुलांना हे जरूर सांगा.

गैरसमज : सारखी कात्री चालवली तरच कुंपण चांगलं होतं.
वस्तुस्थिती : रोपं लहान असताना शेंडे खुडले की ती दाट होतात. पुढे मात्र फुलं फांद्यांच्या टोकांना येतात. दर महिन्याला टोकं कापली, तर फुलं नाहीत आणि फळंही नाहीत. फळांचा हंगाम संपल्यावर वर्षातून एकदा छाटणी पुरते.

गैरसमज : काटे म्हणजे नुसता त्रास.
वस्तुस्थिती : याच काट्यांमुळे गुरं कुंपणात शिरत नाहीत आणि बुलबुलासारख्या पक्ष्यांना घरट्यासाठी सुरक्षित आडोसा मिळतो. पांढऱ्या सुवासिक फुलांवर कीटक येतात, फळांवर पक्षी. मात्र मुलांच्या खेळाच्या जागेला आणि अरुंद वाटेला लागून करवंद लावू नये.

सोसायटीत पावसाळी लागवडीची चर्चा निघेल, तेव्हा करमद्याची रोपं नर्सरीत आधीच सांगून ठेवा. आणि फळं धरली की सगळी तोडू नका. वरच्या फांद्या पक्ष्यांसाठी राहू द्या.