कधी धावतो, कधी कोलमडतो!

संगणकाला फक्त यंत्रभाषा कळते. मग पायथॉन भाषेत लिहिलेला प्रोग्राम त्याला समजतो कसा? मध्ये एक दुभाष्या असतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात.

साध्या दुभाष्यापुढे एकच सूचना लाख वेळा आली, तर तो लाख वेळा तिचा अर्थ लावतो. ‘पायपाय’ हा दुभाष्या मात्र वारंवार येणारा भाग हेरतो आणि त्याचे यंत्रभाषेत भाषांतर करून ठेवतो. म्हणून सुरुवातीला तो रेंगाळतो व मग पळत सुटतो. तेव्हा दोघांची शर्यत लावायची, तर संगणक तोच हवा, प्रोग्राम तोच हवा आणि फेऱ्याही पुष्कळ हव्यात.

पण समजा, वीस फेऱ्यांपैकी एका फेरीत प्रोग्राम मध्येच बंद पडला, तर? ‘असेल काहीतरी’ म्हणून ती फेरी सोडून द्यावी का?

मुळीच नाही! १९८६ सालची गोष्ट पाहा. अमेरिकेत टेक्सास राज्यातील टायलर येथे ‘थेरॅक-२५’ हे संगणकावर चालणारे किरणोपचाराचे यंत्र होते. मार्च महिन्यात त्याने एका रुग्णाला प्रमाणाबाहेर किरण दिले. पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढेच उमटले. तपासणीत दोष पुन्हा दिसेना, म्हणून यंत्र पुन्हा सुरू झाले. एप्रिलमध्ये दुसऱ्या रुग्णावर तोच प्रसंग ओढवला. पुढे दोघेही दगावले.

मग तेथील भौतिकशास्त्रज्ञ व यंत्र चालवणारी तंत्रज्ञ यांनी चिकाटीने प्रयोग केले. तेव्हा गुपित उलगडले. यंत्रातील चुंबकांची जुळणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत. चुकलेले अक्षर तेवढ्या वेळात झटपट दुरुस्त केले, तर तो बदल प्रोग्रामच्या ध्यानातच येत नसे! सावकाश टंकणाऱ्याला हा दोष कधीच दिसला नसता.

यावरून काय दिसते? अधूनमधून होणाऱ्या बिघाडालाही कारण असतेच. फक्त ते घडण्यासाठी ठरावीक योग जुळून यावा लागतो. म्हणून ‘प्रोग्राम बंद पडतो’ एवढेच कळवून भागत नाही. संगणक कोणता, दुभाष्याची आवृत्ती कोणती, कोणत्या क्रमाने व किती वेगाने काय केले, किती फेऱ्यांपैकी कितीदा बिघाड झाला, हे सारे लिहा. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या.

तुमची नोंद वाचून दुसऱ्याला तोच बिघाड पुन्हा घडवून आणता आला, की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजा!