पिस्टन निवडताना: ४०३२ की २६१८?

प्रश्न आलाय, टर्बो लावायचा तर फोर्ज्ड पिस्टन कुठला घ्यावा? आता बघा, नुसतं फोर्ज्ड म्हणून भागत नाही, मिश्रधातू विचारा. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के. त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो, सिलिंडरमध्ये कमी फटीत बसतो, थंड इंजिन फारसं वाजत नाही. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतंच. तो जास्त फुगतो, म्हणून फट जास्त ठेवावी लागते आणि गरम होईपर्यंत तो खडखडतो. पण इंजिन जोरात नॉक झालं तर ४०३२ तडकू शकतो. २६१८ जास्त चिवट, तो दबून तग धरतो. तेव्हा मोठ्या बूस्टला २६१८. रोज ऑफिसला न्यायची गाडी असेल तर माझं मत ४०३२लाच, खडखडाटाची हौस असणाऱ्यांनी माफ करावं!

आणि हो, पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला टाकू नका. फट किती आणि पिस्टन स्कर्टवर नेमका कुठे मोजायचा, हे बनवणारा सोबतच्या कागदावर देतो. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं त्याचं सिलिंडर होन करून घ्यायचं. जुन्या कंपनी-पिस्टनची फट २६१८ला दिलीत, तर तो तापून जाम होऊ शकतो. मग पिस्टनबरोबर सिलिंडरची भिंतही ओरखडते.