साडेतीन गुंठ्यांचे मैदान

खेळाचा विचार आपल्या चळवळीत अभावानेच झाला आहे. शिक्षण, जमीन, पाणी, नोकरी, साहित्य ह्या प्रत्येक प्रश्नावर आपण लढलो, लिहिले, आपसांत भांडलोही. खेळाचे मैदान मात्र आपल्या मागणीपत्रकाच्या शेवटच्या ओळीतही येत नाही. ज्याच्या घरी संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे त्याने फुटबॉलची चर्चा करावी काय, असे कुणीही विचारील. तो प्रश्न खोटा नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी, की राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के समांतर आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. म्हणजे मैदान ही आता निव्वळ करमणुकीची जागा राहिलेली नाही. ते संधीचे दार आहे. ह्या दाराच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण, हे तपासणे आपले काम आहे.

सप्टेंबर 2017 मध्ये राज्यात एक मोठा कार्यक्रम झाला. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा ऑक्टोबरात भारतात व्हायची होती. तिचे काही सामने नवी मुंबईला होते. त्यानिमित्त 15 सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असे ठरले. ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हे त्याचे नाव. शाळांना चेंडू दिले गेले. हेतू चांगला होता. परंतु चेंडू वाटणे हे एका दिवसाचे काम आहे. मैदान राखणे हे वर्षभराचे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे स्पष्ट लिहिले आहे. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य द्यावे, सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमावा, असेही त्यात आहे. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. क्रीडांगण ही कुणाची मेहेरबानी नसून कायद्याने दिलेली गोष्ट आहे, हे आधी ध्यानात घेऊ.

पण मैदान असले म्हणजे सगळी पोरे खेळतात, असेही नाही. मी ज्या शाळेत शिकलो तिथे मैदान होते आणि एक चेंडूही होता. सर अकरा-अकरा मुले निवडत. निवड होई ती अंगापिंडाने थोराड असलेल्यांची आणि ज्यांच्या पायात बूट असत त्यांची. आमच्या वस्तीची पोरे रेषेबाहेर उभी राहत आणि बाभळीत गेलेला चेंडू आणून देत. चेंडू आणून देणे हेच आमचे खेळणे. कुणी आम्हांला हाकलत नव्हते. हाकलण्याची गरजच नव्हती, कारण खेळाची रचनाच अशी होती की बावीस जण आत आणि बाकीचे बाहेर. भेदभाव करणारा माणूस समोर दिसत नाही तेव्हा भेदभाव संपला असे आपण समजतो. तो पुष्कळदा नियमात आणि सवयीत मुरलेला असतो.

ह्या ‘आणून देण्याला’ इतिहास आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले श्रेष्ठ गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. सरावात साहेबांना चेंडू टाकायचा, एवढा त्यांचा अधिकार. बॅट हाती मिळत नव्हती. पुढे हिंदूंच्या संघात घेतल्यावर मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल 1923 साली हिंदूंचे कर्णधार झाले. त्याच 1923 साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ह्यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. त्या ठरावाच्या जोरावर 1927 साली महाडचा सत्याग्रह उभा राहिला. त्या यादीत क्रीडांगण नव्हते. ते आपण आज घालायचे आहे.

आता खेळाच्या रचनेकडे वळू. फुटबॉलचे पूर्ण मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद धरतात. आपल्या हिशेबात हे सुमारे 70 गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर झाले. त्यावर बावीस जण खेळतात. इतक्या मोठ्या मैदानावर आठ-नऊ वर्षांचे पोर उतरवले तर काय होते? चेंडू दोन-तीन दांडग्या मुलांकडे राहतो आणि बाकीचे नुसते धावतात. ज्याच्या पायाला चेंडूच लागत नाही तो खेळ कसा शिकणार? अंकलिपी एकाच मुलाच्या हाती देऊन साऱ्या वर्गाला वाचायला शिकवण्यातला हा प्रकार आहे.

ह्यावरचा उपाय साधा आहे. मैदान लहान करायचे आणि संघही लहान करायचे. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांची मुले पाच-पाच जणांत खेळतात. पुढे सात-सात, मग नऊ-नऊ, आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास अकरा-अकरा. पाच जणांच्या मैदानाचे माप 40 यार्ड बाय 30 यार्ड, म्हणजे जवळजवळ 10 गुंठे. पावणेदोन एकरांत मधली मोकळी जागा सोडूनही अशी सहा मैदाने बसतात. जिथे बावीस पोरे खेळत होती तिथे एकाच वेळी साठ पोरे खेळतील. मँचेस्टर युनायटेड क्लबने नऊ वर्षांखालील मुलांवर प्रयोग करून आठ-आठ जणांच्या आणि चार-चार जणांच्या खेळाची तुलना केली. चार जणांच्या खेळात पास 135 टक्क्यांनी वाढले आणि गोलवरचे प्रयत्न 260 टक्क्यांनी. पोरे तीच, चेंडू तोच. फक्त रचना बदलली. जर्मनीसारख्या विश्वविजेत्या देशानेही 2024-25 च्या हंगामापासून सर्वांत लहान मुलांसाठी दोन-दोन, तीन-तीन जणांचे आणि चार छोट्या गोलांचे खेळ बंधनकारक केले. आपल्याकडे मिझोराममध्ये 2016 पासून लहान मुलांची लीग सुरू झाली आणि 2018 पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बेबी लीगची योजना आणली.

लीग ह्या शब्दालाही महत्त्व आहे. आपल्या शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की संघ घरी. खेड्यातला नवखा संघ ट्रॅक्टरने किंवा एसटीने तालुक्याला येतो, तासाभरात हरतो आणि त्याचे वर्ष संपते. जो आधीच तयार आहे तोच पुढे खेळत राहतो. लीगमध्ये हरणाराही पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळतो. शिकण्यासाठी हरण्याची मुभा लागते, आणि ती आजवर काहींनाच मिळत आली आहे.

हे परदेशातले खूळ आहे, असे कुणी म्हणेल. त्याने नागपूरकडे पाहावे. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे ह्यांनी 2001 साली पावसात प्लास्टिकच्या फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीची मुले पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ आले. पुढे हीच मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या वतीने खेळली. 2003 साली ऑस्ट्रियातील ग्राझला सुरू झालेली ही स्पर्धा चार-चार जणांची असते. मैदान 22 मीटर बाय 16 मीटर, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. नागपूरच्या ह्या कामाला 2016 चा फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे ह्यांचा 2022 चा ‘झुंड’ हा चित्रपट ह्याच कामावर बेतलेला आहे. चित्रपटाची चर्चा आपण पुष्कळ केली. त्यातल्या मैदानाच्या मापाची कुणी केली नाही. 22 बाय 16 मीटर म्हणजे साडेतीन गुंठे. एवढी जागा कुठल्या वस्तीला मिळू शकत नाही?

अर्थात लहान मैदान म्हटले की आज शहरांतले तासाच्या भाड्याने मिळणारे टर्फही डोळ्यांसमोर येते. कल्पना तीच, पण तिला फाटक बसले आणि फाटकाशी पैसे घेणारा माणूस बसला. वस्तीच्या पोराला ते बोले ठरावापूर्वीच्या पाणवठ्याइतकेच परके. म्हणून मैदान लहान हवे आणि सार्वजनिकही हवे.

बीड जिल्ह्यात ह्या प्रश्नाला स्वतःचे रंग आहेत. गेवराई-माजलगावकडे काळी माती. पावसाळ्यात चेंडू चिखलात रुततो, उन्हाळ्यात भेगांत पाय मुरगळतो. पाटोदा, आष्टी, धारूरकडे बालाघाटचा मुरूम आणि दगड. पडले की गुडघा सोलला. हिरवळीचे मैदान करावे तर पाणी कुठले? जिथे उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो तिथे गवताला पाणी मागणे शोभणार नाही. पण साडेतीन गुंठे किंवा दहा गुंठे जागा सपाट करणे, दगड वेचणे, बारीक मुरूम-माती दाबून बसवणे, पाणी निघून जायला उतार आणि चर देणे, एवढे गावाला झेपते. रोजगार हमीच्या कायद्यात क्रीडांगणाचे काम बसते. 2022 साली तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी झाली. संकुल व्हावे, पण तालुक्याच्या संकुलात वीस किलोमीटरवरच्या तांड्याचे, वस्तीचे पोर रोज कसे जाणार?

आणि दिवाळीच्या सुमारास ते पोर गावातच नसते. आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि ते फडात धाकटे भावंड सांभाळते. शालेय स्पर्धांत कुणाचे नाव कायम राहते आणि कुणाचे गळते, हे मग वेगळे सांगायला नको. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. 2021 साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. ह्या प्रत्येक वसतिगृहाच्या अंगणात चार जणांचे मैदान आखता येते. चुन्याच्या रेषा, चार बांबू, दोन चेंडू. पोर तिथे टिकावे असे वाटत असेल तर जेवणाच्या ताटाबरोबर खेळही द्यावा लागेल.

मुलींचे काय? 2011 च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. जन्मालाच जिथे एवढा विरोध, तिथे मैदानाची वाट सोपी नसणार. माझ्या वर्गातल्या विद्यार्थिनी सांगतात की घरून खेळायला मनाई नसते, लांब जायला असते. घराच्या हाकेच्या अंतरावरचे मैदान ही म्हणून मुलींसाठी निर्णायक गोष्ट आहे. मोठ्या मैदानावर मुले आधी पोचतात आणि मुली परततात. सहा लहान मैदाने असतील तर दोन मुलींची, असे ठरवता येते.

एका धोक्याकडे लक्ष वेधले पाहिजे. मैदानासाठी जागा हवी म्हटले की गावच्या पुढाऱ्यांची नजर गायरानाकडे वळेल. ह्या जिल्ह्यातून एकनाथ आवाड ह्यांनी मानवी हक्क अभियानाच्या झेंड्याखाली गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा लढा उभा केला. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलितांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 1991 साली झाला. सातबाऱ्यासाठीची झगड अजून संपलेली नाही. मैदानाच्या नावाखाली कसणाऱ्याला उठवण्याचा डाव कुठे झाला, तर आपण कसणाऱ्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पावणेदोन एकर मागणारा खेळ गायरानावर येतो. साडेतीन गुंठे मागणारा खेळ शाळेच्या आवारात, समाजमंदिराच्या मागे मावतो. लहान मैदानाची बाजू घेण्याचे हेही एक कारण आहे.

अविनाश साबळे ह्यांचे उदाहरण ह्या जिल्ह्यात प्रत्येक भाषणात दिले जाते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक घेऊन आला, 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावला. त्यांचा अभिमान आहेच. पण त्यांचे गुण हेरले गेले ते बारावीनंतर, 5 महार पलटणीत भरती झाल्यावर. जिल्ह्याने त्यांना घडवले असे आपण म्हणतो तेव्हा जिल्ह्यातल्या मैदानाने काय दिले, हेही विचारावे. शिवाय धावणारा एकटा रस्त्यावर धावू शकतो. फुटबॉलला सोबती लागतात, आणि कोणत्या वस्तीतला सोबती कुणाला पास देतो ह्यात गावाची सारी समाजरचना उघडी पडते. चार जणांच्या संघात कुणाला टाळून खेळताच येत नाही. मैदानावर जात संपेल असे मी म्हणणार नाही. बाळूंच्या चहाच्या भांड्याने तो भ्रम केव्हाच फोडला आहे. पण रेषेबाहेर उभे राहण्याची सवय तरी तिथे मोडते.

म्हणून कार्यकर्ते आणि शिक्षक मित्रांना सुचवावेसे वाटते. येत्या ग्रामसभेत शाळेच्या क्रीडांगणाची मोजणी मागा. त्यावर कुणाचा कडबा, कुणाचा ट्रॅक्टर उभा आहे ते नोंदवून घ्या. दलित वस्तीच्या कामांत रस्ता, नाली, दिवाबत्ती, समाजमंदिर ह्यांच्या जोडीला मैदान मागा. रोजगार हमीच्या आराखड्यात ते घाला. जयंतीच्या वर्गणीतून दोन चेंडू घ्या आणि आठवड्याची लीग सुरू करा, अशी की कुणीही बाद होणार नाही आणि प्रत्येक संघात मुली असतील. ऊसतोडीला गेलेल्यांची नावे कापू नका. ती पोरे परतल्यावर त्यांचे सामने लावा. ह्याला मोठा निधी लागत नाही. लागतो तो टेप, चुना आणि हक्काची जाणीव.