गोळी झाडणं आणि गोळी सुटणं

वर्तमानपत्रात आपण दोन तऱ्हेच्या बातम्या वाचतो. एकीत ‘अमक्याने गोळी झाडली’ असं असतं. दुसरीत ‘पिस्तूल साफ करताना गोळी सुटली’ असं असतं. मराठीने इथं क्रियापदं फार नेमकी वापरली आहेत. झाडायला कुणीतरी लागतो. सुटणारी मात्र आपली आपण सुटते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शस्त्रांशी माझा संबंध शब्दकोशापुरता. पण मध्यंतरी या दोन क्रियापदांमधलं अंतर समजून घेण्याची वेळ माझ्यावर आली.

त्याला कारण माझी भाची. आमच्या कोल्हापूर भागात नेमबाजीचं वेड नवं नाही. इथल्या राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तेव्हापासून तर घरोघरच्या मुली या खेळाकडे वळल्या. भाची काही वर्षं हवेच्या पिस्तुलावर शिकली. आता ती खऱ्या काडतुसाच्या, पॉइंट टू-टू पिस्तुलावर जाणार होती आणि तिच्या क्लबात एक नवं पिस्तूल आलं होतं. माझी थोरली बहीण, म्हणजे आपा, अस्वस्थ झाली. मला म्हणाली, “तू लिहितोस-वाचतोस. तू जाऊन बघून ये. ती वस्तू आपोआप सुटत नाही ना, एवढंच मला सांग.”

प्रश्न साधा होता. उत्तर शोधता शोधता मला बरंच शिकावं लागलं.

रेंजवर प्रशिक्षकांनी आधी मॅगझिन काढून ठेवलं, नळी रिकामी असल्याचं दाखवलं, कोरड्या सरावाची सोय लावली आणि पिस्तूल माझ्या हाती दिलं. मी सिनेमात बघितल्याप्रमाणे चाप खस्सकन ओढला. नळीचं टोक चांगलं वीतभर हललं. भाची हसली. “मामू, ओढायचा नाही. दाबत जायचं. कधी सुटला ते तुम्हालाही कळता कामा नये.”

हे चापाचं शास्त्र समजायचं तर मोटारसायकलचा क्लच आठवावा. क्लच सोडताना आधी थोडी मोकळी हालचाल असते, तिथं काहीच घडत नाही. मग एक जागा अशी येते, की गाडी ‘पकडते’. चापाचंही तसंच. आधी मोकळी चाल. मग बोटाला भिंत लागल्यासारखा अडसर. त्या अडसरावर दाब वाढवत नेला, की एका क्षणी आतला खटका सुटतो. त्यानंतर चाप मागे किती जातो आणि पुढच्या गोळीसाठी किती पुढे यावा लागतो, हेही बघायचं. चांगल्या चापात ती भिंत स्पष्ट असते आणि खटका काचेची काडी मोडावी तसा एकदम सुटतो. वाईट चापात भिंतच सापडत नाही. वाळूवरून पाट सरकवावा तसा तो खरखरत जातो आणि केव्हा सुटेल याचा अंदाज येत नाही. मुख्य म्हणजे, तो दर वेळी सारखाच सुटला पाहिजे. दहा वेळा हलका आणि अकराव्या वेळी जड, असा चाप नेमबाजाच्या कामाचा नाही.

मग प्रशिक्षकांनी एक वजन काढलं. बरोबर एक किलोचं. २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत चाप किमान १००० ग्रॅम दाबाचा हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे; हवेच्या पिस्तुलाला ५०० ग्रॅम चालतो. नळी आभाळाकडे करून ते वजन चापाला अडकवायचं आणि पिस्तुलाने अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं आणि खटका सुटला नाही, तर पिस्तूल पास. भाजीवाल्याच्या तराजूइतकी ही सोपी परीक्षा आहे.

इथं मला पहिला प्रश्न पडला. चाप जड केला तर गोळी चुकून सुटणार नाही. मग एक किलोच का? पाच किलो का नको?

हा प्रयोग न्यूयॉर्कच्या पोलिसांनी करून पाहिला आहे. नेहमीच्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप सुमारे अडीच किलोचा असतो. त्या शहराच्या पोलिसांसाठी तो मुद्दाम १२ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच किलोचा करून घेतला होता. हेतू चांगला होता. घाबरलेल्या शिपायाच्या हातून नकळत गोळी जाऊ नये. पण भरलेलं पिस्तूल स्वतःच किलोभराच्या आत असतं. त्याच्या पाच-सहा पट जोर एका बोटाने लावायचा आणि हात मात्र हलू द्यायचा नाही, हे सोपं नाही. २००८ साली रँड या अभ्याससंस्थेने त्या पोलिसांना हलका चाप आजमावून बघा, असं सुचवलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्यावरची नऊ निरपराध माणसं पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. गर्दी, घाई, भीती अशी कारणं त्यामागे अनेक होती. सगळा दोष चापावर टाकता येणार नाही. पण जड चापाची चर्चा त्यानंतर पुन्हा झाली आणि २०२१ मध्ये नव्या भरतीच्या पोलिसांना हलक्या चापाची पिस्तुलं देण्यास सुरुवात झाली. थोडक्यात, चाप फार हलका तर गोळी नको तेव्हा सुटते. फार जड तर नको तिथं लागते.

आता पिस्तुलाच्या भरवशाकडे वळू. अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणजे चाप एकदा दाबला की एकच गोळी जाते, पण पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते. गोळी पुढे गेली, की तिच्याच धक्क्याने वरचा पोलादी सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो. जाताना रिकामी पुंगळी बाहेर फेकतो. मग स्प्रिंग त्याला पुढे ढकलते आणि पुढे येता येता तो मॅगझिनमधलं नवं काडतूस उचलून नळीत सारतो. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. यात मध्ये कुठंही गाडी अडू शकते. पुंगळी बाहेर पडताना अडकते, काडतूस तिरकं चढतं, मॅगझिनची स्प्रिंग दमते, दारू कमी भरलेली असली तर स्लाइड पुरती मागे जातच नाही.

मग नव्या पिस्तुलावर भरवसा ठेवायचा कसा? याचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण १९११ सालचं आहे. अमेरिकी लष्कराला नवं पिस्तूल निवडायचं होतं. अखेरच्या फेरीत दोन उरले. एक जॉन ब्राउनिंग यांनी रचलेलं कोल्ट कंपनीचं आणि दुसरं सॅव्हेज कंपनीचं. त्या वर्षीच्या मार्चमध्ये दोन दिवसांत प्रत्येक पिस्तुलातून सहा हजार गोळ्या झाडण्यात आल्या. पिस्तूल तापून हातात धरवेना, की ते सरळ पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सॅव्हेज ३७ वेळा अडलं. ब्राउनिंग यांचं पिस्तूल एकदाही अडल्याची नोंद झाली नाही. २९ मार्च १९११ रोजी ते स्वीकारलं गेलं आणि १९८५ पर्यंत अमेरिकी लष्कराचं अधिकृत पिस्तूल राहिलं. ब्राउनिंग यांच्याच पुढच्या एका रचनेवरून आपल्या ईशापूरच्या कारखान्यात नऊ मिलिमीटरचं पिस्तूल बनतं.

सहा हजार हा आकडा हौसेचा वाटेल, पण त्यात हिशेब आहे. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा वापरतात. एखादी गोष्ट जितक्या वेळा बिनचूक झाली, त्या संख्येने तीनला भागायचं. समजा, नव्या पिस्तुलातून ३०० गोळ्या न अडता गेल्या. तीन भागिले ३००, म्हणजे शंभरात एक. म्हणजे शंभरात एकदा अडण्याची शक्यतासुद्धा त्या ३०० गोळ्यांनी पुरती नाकारली जात नाही. सहा हजारांनंतर ती शक्यता दोन हजारांत एक इतकी खाली येते. आणि पन्नास गोळ्या झाडून ‘मस्त चालतंय’ म्हणणाऱ्याने फार तर सोळा-सतरांत एकदा अडण्याएवढी शंका दूर केलेली असते. म्हणूनच क्लबातल्या नव्या पिस्तुलासाठी भाचीने एक वही घातली होती. तारीख, काडतुसाचा प्रकार, किती गोळ्या, कितव्या गोळीला काय अडलं, मॅगझिन कोणतं. प्रशिक्षक म्हणाले, “पिस्तुलाची तारीफ तोंडी नको. वहीत काय आहे ते सांग.”

खेळातही अडण्याची किंमत मोठी असते. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकर हिचं हवेचं पिस्तूल पात्रता फेरी चालू असताना बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं मिळवली, पण त्या मिनिटांची आठवण आजही प्रत्येक नेमबाज मुलीला असते.

इथपर्यंत भरवशाची एकच बाजू झाली. गोळी झाडायची तेव्हा ती गेली पाहिजे. आपाचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा होता. झाडायची नसेल तेव्हा ती सुटता कामा नये. ही परीक्षा अधिक अवघड आहे.

२०१७ च्या जानेवारीत अमेरिकी लष्कराने सिग सॉअर कंपनीच्या पी-३२० या पिस्तुलाचा सुधारित प्रकार निवडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं उघडकीला आलं, की बाजारात विकलं गेलेलं पी-३२० एका विशिष्ट तिरक्या कोनात, मागच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटू शकते. प्रचलित पडझडीच्या चाचण्या ते पास झालं होतं. हा कोन त्या चाचण्यांत नव्हता. कारण ऐकून मी थक्क झालो. बस एकदम थांबली की आपण पुढे जातो ना, तसंच. पिस्तूल जमिनीवर आपटून थांबलं, पण चापाच्या तुकड्याचं स्वतःचं वजन त्याच दिशेने जात राहिलं. जणू कुणी अदृश्य बोटाने तो दाबला. इलाज काय केला, तर चापाचे भाग वजनाने हलके केले. लष्कराला दिलेल्या पिस्तुलांत तो बदल होता. ग्राहकांनाही कंपनीने तो विनामूल्य करून दिला. त्यानंतरही न पडता गोळी सुटल्याच्या तक्रारी आणि खटले झाले. काहींत कंपनीची बाजू टिकली, २०२४ मध्ये दोन ठिकाणी ज्यूरींनी कंपनीविरुद्ध भरपाई दिली. चाप दाबल्याशिवाय आमचं पिस्तूल चालत नाही, असं कंपनीचं म्हणणं आहे.

याच पिस्तुलाच्या लष्करी चाचण्यांतला एक तपशील मला विशेष वाटला. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकून राहायला हवी, म्हणजे मॅगझिन रिकामं झाल्याचं कळतं. ती अडकत नसे. नोंदलेल्या बिघाडांपैकी निम्म्याहून अधिक बिघाड या एकाच प्रकारचे होते. त्याचं एक मोठं कारण निघालं ते म्हणजे सराईत नेमबाजांचा अंगठा. मुरलेल्या सवयीने तो नेमका त्या खटक्यावर टेकत होता. म्हणजे बिघाड यंत्राचा म्हणावा की हाताचा?

परतलो तेव्हा आपा वाट बघत होती. मी तिला खरं तेच सांगितलं. “ते पिस्तूल तपासलेलं आहे, पुढेही तपासत राहतील. पण आपोआप कधीच सुटणार नाही, असं जगात कुणी लिहून देत नाही. म्हणून तर रेंजवरचे नियम आहेत. नळी कायम निशाणाकडे. झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर. काम नसेल तेव्हा नळीत रंगीत दोरी, म्हणजे रिकामी असल्याचं लांबूनही दिसतं. आणि रिकामं आहे हे माहीत असूनही ते भरलेलंच समजायचं. इतकं करून सुटलीच, तर ती मातीच्या बांधात जाईल.”

आपा म्हणाली, “म्हणजे शेवटी भरवसा पोरीवरच.”

“पोरीवर, यंत्रावर आणि मातीच्या बांधावर,” मी म्हणालो. “तिघांपैकी एक चुकला तर बाकीच्या दोघांनी सांभाळायचं.”

आपा थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने भाचीला हाक मारली आणि ती वही मागवून घेतली. चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला लागली. आता दर रविवारी ती वही बघते आणि एखाद्या दिवसाची नोंद राहिली असेल, तर विचारते.